दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम टाकण्याआधी रिकव्हरीची प्रत बाहेर काढा

महोदय,

विंडोज १० चा नियमित आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. तेव्हापासून ‘जुना लॅपटॉप भंगारात देऊ नका, त्यावर लिनक्स टाका’ हा सल्ला वर्तमानपत्रांतून, समाजमाध्यमांवरून आणि महाविद्यालयांच्या सूचनाफलकांवरूनही दिला जात आहे. सल्ला रास्त आहे. टीपीएम २.० ही सुरक्षा-सोय नसल्यामुळे किंवा इंटेलचा प्रोसेसर आठव्या पिढीच्या आधीचा असल्यामुळे विंडोज ११ च्या अटींत न बसणारे, पण एरवी ठणठणीत चालणारे लॅपटॉप आपल्याकडे घरोघरी आहेत आणि लिनक्स मिंट किंवा उबुंटूसारख्या मोफत लिनक्स प्रणालीवर ते आणखी काही वर्षे सहज काम देतील. मात्र ज्याला टॅलीवर हिशेब ठेवायचे आहेत, श्री-लिपीत मजकूर जुळवायचा आहे किंवा डिजिटल स्वाक्षरीचे टोकन लावून सरकारी संकेतस्थळावर अर्ज भरायचे आहेत, त्याला विंडोज पूर्णपणे सोडता येत नाही. म्हणून बहुतेक जण दोन्ही प्रणाली एकाच यंत्रावर ठेवण्याचा, म्हणजे ड्युअल बूटचा मार्ग धरतात. अभियांत्रिकीचे आणि संगणकशास्त्राचे विद्यार्थी तर विंडोज ११ असलेल्या नव्या लॅपटॉपवरही प्रात्यक्षिकांसाठी लिनक्स टाकतातच.

लॅपटॉप दुरुस्तीच्या व्यवसायात असल्यामुळे या बदलातून बिघडलेली यंत्रे माझ्या टेबलावर सतत येतात. त्यांतील बहुसंख्य यंत्रांवर लिनक्स चुकीचे बसवलेले नसते. ते बसवण्याच्या आधी जे करायला हवे होते ते केलेले नसते आणि त्यात पहिला क्रमांक रिकव्हरी पार्टिशनचा, म्हणजे विंडोज पुन्हा उभी करण्यासाठी डिस्कवर राखून ठेवलेल्या तुकड्याचा, लागतो. जागा मोकळी करण्यासाठी ते उडवलेले असते, नाहीतर नकळत त्यावरच लिनक्स बसवलेले असते. पुढे विंडोज अडकते तेव्हा ती मूळ स्थितीला नेण्याचा मार्ग उरत नाही. लिनक्स कसे टाकावे हे मराठीत सांगणारे व्हिडिओ आता पुष्कळ आहेत. परंतु डिस्कवर आधीपासून काय आहे आणि त्यातले काय जपायचे हा भाग त्यांत अर्ध्या मिनिटात उरकला जातो, म्हणून हे पत्र जरा सविस्तर लिहीत आहे.

विंडोजच्या स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून डिस्क मॅनेजमेंट उघडले, तर ५१२ जीबीची म्हणून घेतलेली डिस्क तेथे साधारण ४७६ जीबीची दिसते आणि तिचे बरेच तुकडे केलेले आढळतात. पहिला तुकडा १०० किंवा २६० एमबीचा ईएफआय सिस्टिम पार्टिशन हा असतो, ज्यातून यंत्र सुरू होते. त्यानंतर मायक्रोसॉफ्टने राखून ठेवलेला १६ एमबीचा एक तुकडा असतो, जो या खिडकीत दाखवलाच जात नाही. मग आपला सी ड्राइव्ह येतो. त्याच्या उजव्या बाजूला पाचशे एमबी ते एक-दीड जीबीचे एक रिकव्हरी पार्टिशन आणि अनेक लॅपटॉपवर त्याच्याही पुढे दहा, पंधरा किंवा वीस जीबीचे आणखी एक रिकव्हरी पार्टिशन असते. विंडोजच्या या खिडकीत या दोन्हींवर राइट क्लिक केले तर ‘हेल्प’ एवढाच पर्याय मिळतो; पुसणे, आकार बदलणे असे काही करता येत नाही. हेच यंत्र उबुंटूच्या पेनड्राइव्हवरून सुरू करून पार्टिशन स्वतः ठरवण्याचा पर्याय घेतला, की ते संरक्षण नाहीसे होते. तेथे प्रत्येक तुकडा म्हणजे एनव्हीएमई अशा नावाने सुरू होऊन एका आकड्याने संपणारी एक ओळ असते आणि खाली वजाचे एक बटण असते. कोणती ओळ कशासाठी आहे याची ओळख पटवून देणारी खूण जवळजवळ नसतेच. वीस जीबीची, सी ड्राइव्ह नसलेली ओळ दिसली की ती मोकळी जागा आहे असा विद्यार्थ्याचा समज होतो आणि त्या एका क्लिकने कारखान्यातून आलेली प्रत जाते.

या दोन रिकव्हरी पार्टिशनांत फरक करणे अत्यंत आवश्यक आहे. आकाराने लहान असलेल्या पार्टिशनमध्ये मायक्रोसॉफ्टचे विंडोज रिकव्हरी एन्व्हायर्नमेंट असते. विंडोज दोन-तीनदा सुरू होता होता पडली की जी निळ्या पडद्यावरची यादी येते, ज्यात स्टार्टअप रिपेअर, सिस्टिम रिस्टोअर, कमांड प्रॉम्प्ट आणि ‘रिसेट धिस पीसी’ हे पर्याय असतात, ती येथूनच येते. हे पार्टिशन काढून मिळणारी जागा नगण्य आहे आणि ते गेल्यावर होणारी अडचण मोठी आहे, म्हणून त्याला हात लावण्याचे कोणतेही सबळ कारण मला दिसत नाही. मोठ्या पार्टिशनमध्ये लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीने तयार केलेली संपूर्ण प्रत असते: विंडोज, त्या मॉडेलचे सर्व ड्रायव्हर (यंत्राचे भाग विंडोजला वापरता यावेत यासाठीचे छोटे प्रोग्रॅम) आणि कंपनीचे स्वतःचे प्रोग्रॅम. विंडोज १० पासून ‘रिसेट’ करताना विंडोज आपल्याच फाइलींतून स्वतःला पुन्हा उभी करते, आणि २०२० च्या २००४ या आवृत्तीपासून तर तीच इंटरनेटवरून नव्याने उतरवून घेण्याची सोयही आहे. त्यामुळे या मोठ्या पार्टिशनचे महत्त्व पूर्वीइतके राहिलेले नाही, हे खरे आहे आणि २५६ जीबीच्या डिस्कवर वीस जीबी अडकवून ठेवणे परवडत नाही ही तक्रारही खरी आहे. माझे म्हणणे एवढेच, की ते काढायचे असेल तर आधी त्याची प्रत बाहेर, पेनड्राइव्हवर किंवा दुसऱ्या हार्ड डिस्कवर घ्यावी, ती प्रत चालते याची खात्री करावी आणि मगच काढावे.

‘मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून विंडोज फुकट उतरवता येते, मग कंपनीची प्रत हवी कशाला?’ असा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. त्याचे उत्तर ड्रायव्हरांत आहे. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या अनेक लॅपटॉपवर डिस्कचे नियंत्रण व्हीएमडी नावाच्या यंत्रणेमार्फत होते आणि तिचा ड्रायव्हर मायक्रोसॉफ्टच्या साध्या पेनड्राइव्हमध्ये नसला, तर विंडोज बसवताना डिस्कच सापडत नाही. समोर नवी कोरी डिस्क असते आणि पडद्यावर एकही ड्राइव्ह मिळाला नाही असा संदेश येतो. माहीतगार माणूस तो ड्रायव्हर दुसऱ्या पेनड्राइव्हवरून देतो. पण ज्याच्याकडे घरात दुसरा संगणक नाही आणि ज्याच्या वाय-फायचा ड्रायव्हरही नव्या विंडोजला ओळखता येत नाही, त्याचे काम तेथेच अडते. कंपनीच्या प्रतीत हे सगळे आधीच बसवलेले असते. जागा वाचवायचीच असेल तर निदान चालू विंडोजमधील सर्व ड्रायव्हर एका फोल्डरमध्ये काढून ठेवावेत. ॲडमिनिस्ट्रेटरच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये पीएनपीयूटिल ही आज्ञा एक्सपोर्ट-ड्रायव्हर या पर्यायासह दिली की हे काम काही मिनिटांत होते.

परवान्याचीही बाब आहे. विंडोज ८ पासून लॅपटॉपची उत्पादन-की मदरबोर्डवरील फर्मवेअरमध्ये साठवलेली असते, त्यामुळे डिस्क पूर्ण पुसली तरी की जात नाही. मात्र ती की विशिष्ट आवृत्तीची असते. भारतात विकल्या जाणाऱ्या कितीतरी लॅपटॉपवर ‘होम सिंगल लँग्वेज’ ही आवृत्ती असते. दुकानात ‘फॉरमॅट मारून’ त्यावर प्रो आवृत्ती टाकली की फर्मवेअरमधील की तिला लागू होत नाही, आणि मग ती चालू करण्यासाठी कुठला तरी चोरटा प्रोग्रॅम चालवला जातो. पैसे मोजून घेतलेला परवाना यंत्रात तसाच पडून असतो आणि माणूस बनावट विंडोज वापरत राहतो. विंडोज ७ च्या काळातील लॅपटॉपवर की खालच्या स्टिकरवर छापलेली असे आणि हाताच्या घर्षणाने ती पुसली जाई. अशा यंत्रांवर तर रिकव्हरी पार्टिशन हाच परवानाधारक विंडोज परत मिळवण्याचा सर्वांत सोपा मार्ग होता.

त्या जुन्या यंत्रांविषयी थोडे अधिक लिहिणे भाग आहे, कारण लिनक्स टाकण्यासाठी आज कपाटातून बाहेर काढले जात आहेत ते मुख्यतः तेच. २०१२ च्या अखेरीस विंडोज ८ आले आणि तेव्हापासूनच्या लॅपटॉपवर डिस्कच्या तुकड्यांची बहुधा जीपीटी पद्धतीची मांडणी असते, ज्यात विंडोज १२८ पार्टिशन करू देते. त्याआधीच्या एमबीआर पद्धतीत प्रायमरी पार्टिशन फक्त चार करता येतात; अधिक हवी असतील तर चारांपैकी एक एक्स्टेंडेड करून त्याच्या पोटात लॉजिकल पार्टिशन करावी लागतात. आता कंपन्यांनी काय केले होते पाहा. एक पार्टिशन विंडोज सुरू करण्यासाठी, एक सी ड्राइव्ह, एक रिकव्हरी आणि एक शंभरेक एमबीचे तपासणी-साधनांसाठी, अशी चारही जागा कारखान्यातच भरून टाकलेली यंत्रे सर्रास विकली गेली. अशा यंत्रावर सी ड्राइव्ह आखडून पन्नास जीबी मोकळी केली, तरी लिनक्सचा इन्स्टॉलर ती जागा वापरण्यायोग्य नाही असे सांगतो. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये तेथे पाचवे पार्टिशन करायला गेले, तर ते डिस्क ‘डायनॅमिक’ करू का असे विचारते. येथे ‘यस’ दाबणे हा या सगळ्या प्रकरणातील सर्वांत महाग क्लिक आहे. डायनॅमिक झालेल्या डिस्कवर लिनक्सच्या नेहमीच्या इन्स्टॉलरला काम करता येत नाही, आणि विंडोजच्या स्वतःच्या साधनांनी ती पुन्हा ‘बेसिक’ करायची तर सर्व पार्टिशन पुसावी लागतात.

या पेचातून बाहेर पडण्यासाठी चारांपैकी एकाचा बळी द्यावा लागतो. कोणाचा, याचा निर्णय यंत्र पाहूनच करावा, पण सर्वसाधारणपणे तपासणी-साधनांचे शंभर एमबीचे पार्टिशन आधी काढावे, कारण ती साधने कंपनीच्या संकेतस्थळावरून पेनड्राइव्हवर घेता येतात. त्यातील फाइली आधी सी ड्राइव्हवरील एखाद्या फोल्डरमध्ये उतरवून ठेवाव्यात. रिकाम्या झालेल्या चौथ्या जागेचा उपयोग करून एक्स्टेंडेड पार्टिशन करावे आणि लिनक्स त्यातील लॉजिकल पार्टिशनवर बसवावे. लिनक्सला लॉजिकल पार्टिशनवरून सुरू होण्यात काहीच अडचण नसते. रिकव्हरी पार्टिशन काढण्याची पाळी आलीच तर त्याची डीव्हीडी किंवा पेनड्राइव्हवरील प्रत आधी कंपनीच्याच प्रोग्रॅममधून तयार करावी. काही कंपन्यांचे हे प्रोग्रॅम एकदाच प्रत काढू देत, म्हणून पेनड्राइव्ह चांगल्या दर्जाचा घ्यावा. आणखी एक गोष्ट या जुन्या यंत्रांच्या बाबतीत ध्यानात ठेवावी लागते. सुरू करताना विशिष्ट कळ दाबली की रिकव्हरी चालू होण्याची जी सोय त्यांत असे, ती काही मॉडेलमध्ये एमबीआरमधील, म्हणजे डिस्कच्या अगदी सुरुवातीच्या जागेतील, कंपनीच्या खास कोडवर अवलंबून असे. लिनक्सचा बूटलोडर (प्रणाली सुरू करून देणारा प्रोग्रॅम) ग्रब हा त्याच जागी स्वतःचा कोड लिहितो. पार्टिशन जागच्या जागी असूनही मग ती कळ निरुपयोगी होते. ‘पार्टिशन तर आहे ना’ एवढ्यावर समाधान मानू नये असे मी म्हणतो ते यासाठी.

ग्रबच्या यादीविषयीही सावध करावेसे वाटते. लिनक्स बसवल्यावर यंत्र सुरू करताना जी काळी यादी येते, तिच्यात जुन्या लॅपटॉपवर विंडोजच्या दोन, कधी तीन ओळी दिसतात, कारण रिकव्हरी पार्टिशनवरही विंडोजचा बूटलोडर असतो आणि ग्रब त्यालाही स्वतंत्र विंडोज समजतो. घरातील दुसऱ्या कोणी त्यातील शेवटची ओळ निवडली, तर काही यंत्रांवर कारखान्यातील स्थितीला नेणारा प्रोग्रॅम सुरू होतो. तो एक-दोनदा विचारतो, पण इंग्रजीत विचारतो, आणि ‘नेक्स्ट’ दाबण्याची आपल्याला सवय असते. कंपनीची ही मूळ प्रत बसवली जाते तेव्हा बहुतेक वेळा संपूर्ण डिस्कची मांडणीच पहिल्यासारखी केली जाते. त्यात लिनक्स जाते, त्यातील काम जाते आणि सी ड्राइव्हवरील कागदपत्रेही जातात. यासाठी ग्रबच्या यादीतून ती ओळ काढून टाकावी, किंवा निदान तिचे नाव बदलून घरच्यांना कळेल असे ठेवावे.

नव्या, जीपीटी मांडणीच्या लॅपटॉपवर चार पार्टिशनांच्या मर्यादेचा पेच नसतो, पण क्रमाचा प्रश्न असतो. सी ड्राइव्ह विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून आखडावा, लिनक्सच्या साधनांनी नाही, असे मी नेहमी सांगतो. तेथे अपेक्षेपेक्षा कमी जागा सुटत असेल तर त्याचे कारण बहुधा हायबरनेशनची फाइल, पेजफाइल आणि रिस्टोअर पॉइंट या न हलणाऱ्या फाइली हे असते. हायबरनेशन आणि सिस्टिम प्रोटेक्शन तात्पुरते बंद करून, यंत्र पुन्हा सुरू करून पाहावे. अशा रीतीने मोकळी झालेली जागा सी ड्राइव्ह आणि लहान रिकव्हरी पार्टिशन यांच्या मध्ये येते. लिनक्स त्या मधल्या जागेतच बसवावे. ‘सगळे नीट एका ओळीत दिसावे’ म्हणून जीपार्टेड या लिनक्सच्या पार्टिशन-साधनातून रिकव्हरी पार्टिशन पुढे-मागे सरकवण्याचा मोह काहींना होतो. तो टाळावा, आणि तसे करणे अटळच असेल तर आधी रीएजंटसी ही आज्ञा डिसेबल या पर्यायाने द्यावी, म्हणजे रिकव्हरीची फाइल विंडोजच्या फोल्डरमध्ये परत येते, आणि काम झाल्यावर एनेबल करून इन्फोच्या पर्यायाने तिचा नवा पत्ता तपासावा. 

हा तपशील अनाठायी नाही. जानेवारी २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने केबी५०३४४४१ या क्रमांकाचे अद्यतन दिले, ज्याला रिकव्हरी पार्टिशनमध्ये २५० एमबी मोकळी जागा लागत होती. जगभरातील असंख्य यंत्रांवर तेवढी जागा नव्हती, त्यामुळे अद्यतन पुन्हा पुन्हा अपयशी ठरत होते आणि ते पार्टिशन मोठे करण्याची कृती लोकांना स्वतः करावी लागली. त्या कृतीत असे गृहीत धरलेले होते, की सी ड्राइव्ह आणि रिकव्हरी पार्टिशन एकमेकांना लागून आहेत. मध्ये लिनक्स बसवलेल्या यंत्रावर ती जशीच्या तशी चालत नाही. म्हणून लिनक्स बसवण्याच्या आधीच, जागा मोकळी आहे तोवर, रिकव्हरी पार्टिशन एक जीबीच्या आसपास आहे ना हे पाहणे शहाणपणाचे ठरते.

ईएफआय पार्टिशनविषयी थोडक्यात सांगतो. एका डिस्कवर ते एकच पुरते. विंडोज आणि लिनक्स त्यात आपापल्या वेगळ्या फोल्डरमध्ये राहतात, म्हणून इन्स्टॉलरमध्ये ते फक्त वापरायला सांगावे आणि फॉरमॅटच्या चौकटीत खूण करू नये. ती खूण केली गेली तर विंडोजचा बूटलोडर जातो, आणि तो परत उभा करण्यासाठी लागणारा कमांड प्रॉम्प्ट मग बाहेर काढलेल्या पेनड्राइव्हमधूनच मिळतो.

बिटलॉकरबाबत, म्हणजे डिस्कवरील मजकूर कुलूपबंद (एन्क्रिप्ट) करणाऱ्या विंडोजच्या सोयीबाबत, मात्र थोडक्यात उरकून चालणार नाही. विंडोज ११ च्या बऱ्याच नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्टच्या खात्याने साइन-इन करताच डिस्क कुलूपबंद करण्याची प्रक्रिया आपोआप सुरू होते, आणि २०२४ च्या २४एच२ या आवृत्तीपासून तिच्या अटी आणखी सैल झाल्यामुळे अधिक यंत्रे तिच्या कक्षेत आली आहेत. मालकाला याची कल्पनाही नसते. लिनक्ससाठी सिक्युअर बूट (फक्त मान्य प्रणालीच सुरू होऊ देणारे संरक्षण) बंद केले किंवा बूटचा क्रम बदलला, की पुढच्या वेळी विंडोज सुरू होताना ४८ आकडी रिकव्हरी-की मागते. ती की ज्या खात्यात असते, ते खाते अनेकदा दुकानदाराने लॅपटॉप देताना घाईत उघडलेले असते आणि त्याचा पासवर्ड कोणालाच आठवत नाही. त्या वेळी डिस्कवरील फोटो, हिशेब, प्रबंध, सारे काही तेथेच असते, पण वाचता येत नाही, आणि दुरुस्तीवाल्यालाही ते उघडता येत नाही. एका विद्यार्थिनीच्या लॅपटॉपवरचा शेवटच्या वर्षाचा प्रकल्प याच कारणाने अडकलेला मी पाहिला आहे. सुदैवाने तिच्या वडिलांच्या मोबाइल क्रमांकावर ते खाते नोंदवलेले निघाले. म्हणून पार्टिशनला हात लावण्यापूर्वी सेटिंग्जमध्ये जाऊन डिव्हाइस एन्क्रिप्शन चालू आहे का हे पाहावे. चालू असेल तर की कागदावर उतरवून घ्यावी आणि सर्व काम पुरे होईपर्यंत एन्क्रिप्शन बंद करावे. उबुंटूच्या अनेक आवृत्त्यांचा इन्स्टॉलरही बिटलॉकर चालू असताना विंडोजशेजारी बसण्यास नकार देतो आणि ते आधी बंद करण्यास सांगतो. त्या नकाराला वैतागून ‘संपूर्ण डिस्क पुसून बसवा’ हा पर्याय निवडणारे जे असतात, त्यांचे नुकसान सर्वांत मोठे होते.

त्याच वेळी फास्ट स्टार्टअपही बंद करावे. ते चालू असताना ‘शट डाउन’ केलेली विंडोज पूर्ण बंद झालेली नसते, आणि अशा अर्धवट झोपलेल्या सी ड्राइव्हवर लिनक्समधून काही लिहिले गेले तर फाइली खराब होतात.

सगळे नीट करूनही बाहेरची प्रत लागते, हे ऑगस्ट २०२४ मध्ये दिसले. मायक्रोसॉफ्टच्या त्या महिन्याच्या सुरक्षा अद्यतनानंतर अनेक ड्युअल बूट यंत्रांवर लिनक्स सुरू होणेच थांबले आणि पडद्यावर सुरक्षा-धोरणाचे उल्लंघन झाल्याचा संदेश येऊ लागला. ड्युअल बूट असलेल्या यंत्रांना ते अद्यतन लागू होणार नाही असे मायक्रोसॉफ्टचे म्हणणे होते, तरी ते लागू झाले. वापरणाऱ्याची यात काही चूक नव्हती. ज्यांच्याजवळ लिनक्सचा चालू पेनड्राइव्ह आणि विंडोजचा रिकव्हरी पेनड्राइव्ह होता, त्यांना त्या दिवशी धावपळ करावी लागली नाही.

प्रत काढणे अवघड नाही. विंडोजच्या शोधपट्टीत ‘रिकव्हरी ड्राइव्ह’ लिहिले की तो तयार करण्याचा प्रोग्रॅम उघडतो. ‘सिस्टिम फाइलींची प्रतही घ्या’ या चौकटीत खूण ठेवावी, किमान १६ जीबीचा आणि शक्य तर ३२ जीबीचा पेनड्राइव्ह लावावा आणि त्यावरील आधीचे सर्व काही पुसले जाणार आहे हे ध्यानात ठेवावे. जुन्या यंत्राला या कामासाठी तास-दीड तास सहज लागतो. याशिवाय डेल, एचपी आणि लेनोव्हो यांसारख्या कंपन्या अनेक मॉडेलांची मूळ प्रत यंत्राच्या अनुक्रमांकावरून किंवा उत्पादन-क्रमांकावरून आपल्या संकेतस्थळावरून उतरवू देतात. ज्यांच्याकडे बाहेरची हार्ड डिस्क आहे त्यांनी क्लोनझिला या मोफत साधनाने संपूर्ण डिस्कची प्रतिमा घ्यावी, हे सर्वांत भक्कम. मग त्या पेनड्राइव्हवरून यंत्र एकदा प्रत्यक्ष सुरू करून पाहावे, रिकव्हरीची यादी दिसली की तेथून मागे यावे, आणि पेनड्राइव्हवर लॅपटॉपचे मॉडेल व तारीख लिहून तो लॅपटॉपच्या बिलाबरोबर ठेवावा.

खेड्यापाड्यांतील विद्यार्थ्यांसाठी ही अवस्था निराळी आहे, याचा विचार शहरात बसून सल्ला देणाऱ्यांनी करावा. मोबाइलच्या रोजच्या दीड-दोन जीबीच्या पॅकवर दहा-पंधरा जीबीची प्रत पुन्हा उतरवणे हे त्यांना जवळजवळ अशक्य आहे. ज्या प्रतीला पुण्यातला मुलगा ‘फुकट अडवलेली जागा’ म्हणतो, ती माण किंवा जत तालुक्यातील मुलासाठी विंडोज परत मिळवण्याचे एकमेव साधन असू शकते. त्यामुळे महाविद्यालयांना माझी आग्रहाची विनंती आहे. प्रथम वर्षाच्या मुलांना ‘लॅपटॉपवर लिनक्स टाकून या’ अशी सूचना देऊन मोकळे होऊ नये. लिनक्स बसवण्याची शिबिरे जेथे होतात तेथे पहिला संपूर्ण दिवस प्रती काढण्यासाठी, एन्क्रिप्शनची की लिहून घेण्यासाठी आणि डिस्कची मांडणी वहीत उतरवण्यासाठी राखावा. महाविद्यालयाचे वाय-फाय आणि प्रयोगशाळेतील दोन-चार बाहेरच्या हार्ड डिस्क या कामाला दिल्या तरी बरेच साधेल. ज्याची प्रत तयार नाही त्याच्या लॅपटॉपवर त्या शिबिरात लिनक्स टाकू नये, आणि त्याचा अभ्यास अडू नये म्हणून त्याला तोवर व्हर्च्युअल मशीनवर (विंडोजच्या आतच चालणाऱ्या आभासी संगणकावर) किंवा थेट पेनड्राइव्हवरून लिनक्स वापरू द्यावे.

माझ्या व्यवसायबंधूंनाही सांगणे आहे. गिऱ्हाइकाने ‘लिनक्स टाकून द्या’ म्हटले की डिस्क सरसकट पुसण्याची आपल्यातील अनेकांची पद्धत आहे, कारण तिला वेळ कमी लागतो. पुसण्याआधी रिकव्हरीची प्रत काढून देण्याचे वेगळे पैसे जरूर घ्यावेत, पण ते काम आहे हे गिऱ्हाइकाला आधी सांगावे आणि नको म्हटले तर तसे पावतीवर लिहून घ्यावे.

कंपन्यांकडून एक अपेक्षा आहे. पूर्वी लॅपटॉपबरोबर रिकव्हरीच्या डीव्हीडी मिळत. पुढे खर्च वाचवण्यासाठी त्या बंद होऊन त्यांच्या जागी डिस्कवरचे पार्टिशन आले, म्हणजे प्रत काढण्याची जबाबदारी गिऱ्हाइकावर आली. पण ही जबाबदारी त्याच्यावर आहे हे सांगणारा साधा कागदही खोक्यात नसतो. डिस्कवर कोणती पार्टिशन आहेत, कोणते कशासाठी आहे, रिकव्हरीची प्रत कशी काढायची आणि डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल तर की कोठे मिळेल, हे एका पानावर मराठीसह भारतीय भाषांत छापून देणे कोणत्याही कंपनीला अवघड नाही. वॉरंटीचे जाड पुस्तक त्याच खोक्यात अनेक भाषांत असतेच. विद्यार्थ्यांसाठी किंवा शाळांसाठी लॅपटॉपची एकगठ्ठा खरेदी करणाऱ्या शासकीय विभागांनी आणि संस्थांनी निविदेच्या अटींतच हे पान आणि प्रत्येक मॉडेलमागे रिकव्हरीचा एक पेनड्राइव्ह मागावा. एकगठ्ठा खरेदीत यंत्रे एकाच मॉडेलची असतात, त्यामुळे असा एक पेनड्राइव्ह एका शाळेच्या सर्व यंत्रांना पुरेल.

आपला विश्वासू,
एक लॅपटॉप दुरुस्ती व्यावसायिक, सांगली